बत्तीस अँपिअरची चूल

चार शेगड्या आणि खाली ओव्हन अशी विजेची चूल घ्या. मागच्या पत्र्यावर तिचा भार ११ किलोवॅट असा छापलेला आहे. ही चूल इंग्लंडमधल्या घरात बसवायची असेल तर वायरमन तिच्यासाठी बहुधा ३२ अँपिअरचा सर्किट ब्रेकर लावतो. अमेरिकेत तिला ४० अँपिअरचा मिळतो. जर्मनीत तिन्ही फेज स्वयंपाकघरापर्यंत येतात, म्हणून तिथे प्रत्येक फेजवर १६ अँपिअरचा पुरतो. शाळेत शिकवलेला भागाकार केला, म्हणजे ११,००० वॅटना २३० व्होल्टने भागले, तर उत्तर येते ४८ अँपिअर. जर्मनीचे गणित तीन फेजांत वाटले गेल्यामुळे या उत्तराशी जुळते. इंग्लंड आणि अमेरिका मात्र भागाकारापेक्षा लहान ब्रेकर लावतात, तेही जाणूनबुजून, आणि कित्येक पिढ्या लावत आले आहेत. घरातल्या चुलीचा ब्रेकर नुसत्या चुलीकडे पाहून ठरत नाही, असे माझे म्हणणे आहे. आधी तो भिंतीतल्या तारेकडे पाहून ठरला, मग वीजकेंद्राच्या जमाखर्चाकडे पाहून, आणि शेवटी, सर्वांत जास्त, लोक रांधतात कसे ते पाहून. तिसरी गोष्ट वायरिंगच्या पुस्तकांत एका ओळीच्या सूत्रात दडलेली असते, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे आता गॅसच्या शेजारी इंडक्शन येऊन बसले असताना त्या ओळीचा इतिहास नीट पाहायला हवा. आपली वायरिंगची परंपरा इंग्लंडहून आली, पण आपला स्वयंपाक काही तिथून आलेला नाही.

सुरुवात तारेपासून करू. १८८० च्या आसपास घरात वीज आली ती दिव्यांसाठी, आणि तिच्याबरोबर आगीची भीती आली. एडिसनने १८८० मध्येच जास्त प्रवाह गेल्यावर वितळून मार्ग तोडणाऱ्या सुरक्षा-तारेचे पेटंट घेतले होते. लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्ये संपूर्ण विजेच्या दिव्यांनी उजळले, आणि पुढच्याच वर्षी दोन दिशांनी नियम आले. फिनिक्स फायर ऑफिस या विमा कंपनीसाठी मस्ग्रेव्ह हीफी यांनी विजेच्या जोडणीचे नियम लिहिले. तार-अभियंत्यांच्या संस्थेने, जी पुढे इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स झाली, विद्युत दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्याचे नियम प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये आज जे जाडजूड वायरिंगचे नियम पाळले जातात त्यांचा उगम या छोट्या पत्रिकेत आहे. दोन्हीकडे चिंता आगीची होती. दिवा जळून गेला तर दिव्याच्या मालकाचे नुकसान, पण लाकडी पट्ट्यांमागची तार तापून लाल झाली तर घर जाते आणि विमा कंपनी बुडते. फ्यूजची तार म्हणूनच भिंतीतल्या तारेच्या जाडीला अनुसरून निवडायची होती, उपकरणाच्या काळजीपोटी नव्हे. हे तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. आजचा एमसीबी (छोटा सर्किट ब्रेकर) देखील शेगडीचा रक्षक नाही. शेगडीची कॉइल जळाली, थर्मोस्टॅट अडकला, काच तडकली, यातले काहीही तो थांबवत नाही. त्याचे काम एवढेच की डीबीपासून, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीपासून, स्वयंपाकघरापर्यंतची वायर तिच्या सहनशक्तीपलीकडे तापू द्यायची नाही. इतकी साधी गोष्ट आजही पुष्कळ घरांत उलटी समजली जाते, आणि चुकीच्या निवडीचा पहिला उगम तिथेच असतो.

दिव्यांच्या त्या जगात चूल कशी शिरली, याचे उत्तर एका माणसाच्या कामात सापडते. रूक्स इव्हलिन बेल क्रॉम्प्टन. तरुणपणी लष्करी नोकरीत हिंदुस्थानात असताना त्यांनी रस्त्यावरून वाफेच्या इंजिनाने गाड्या ओढून दाखवल्या. परत गेल्यावर चेम्सफर्डला विजेच्या यंत्रांचा कारखाना चालवला आणि लंडनच्या केन्सिंग्टन भागात वीजपुरवठ्याचे केंद्र उभारले. त्यांच्या कंपनीच्या वंशावळीतले नाव १९३७ मध्ये मुंबईत कारखाना घेऊन आले आणि मराठी घरांच्या पंख्यांवर आजही आहे. क्रॉम्प्टन यांच्यासमोरचा प्रश्न असा होता: दिवे संध्याकाळी चार-पाच तास लागतात, पण बॉयलर, इंजिने, तांब्याच्या तारा आणि कर्जाचे व्याज चोवीस तास चालू असते. १८९१ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी या प्रश्नाला माप दिले, आणि 'लोड फॅक्टर' ही संज्ञा तिथून रूढ झाली. लगेच १८९२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या विद्युत प्रदर्शनात त्यांच्या कंपनीने विजेवर चालणारी स्वयंपाकाची उपकरणे मांडली. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. विजेच्या चुलीची कल्पना गृहिणीच्या गरजेतून निघालेली नव्हती. दुपारी रिकामे बसणारे वीजकेंद्र कामाला लावण्यासाठी ती पुढे आली. दिवे लागण्याच्या वेळेआधी घरोघर दुपारचे जेवण शिजत असेल, तर त्याच तारा आणि त्याच यंत्रांवर दुप्पट वीज विकता येईल, असा तो हिशेब होता.

हिशेबाची दुसरी बाजू ब्रायटन गावातून आली. तिथले वीज-अभियंता आर्थर राइट यांनी ग्राहकाने किती वीज वापरली याबरोबरच एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली, हे दाखवणारे उपकरण बनवले. शिकागोत एडिसनची कंपनी चालवणारे सॅम्युएल इन्सल १८९४ मध्ये इंग्लंडला गेले असताना त्यांनी ब्रायटनची ही पद्धत पाहिली आणि परत जाऊन तिच्यावर आपला सगळा धंदा उभारला. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट पुढच्या शंभर वर्षांच्या वायरिंगचा पाया ठरली: शंभर घरांची वेगवेगळी कमाल मागणी बेरजेत जेवढी होते, तेवढी ती शंभर घरे एका क्षणी कधीच मागत नाहीत. एकाकडे दिवे लागतात तेव्हा दुसऱ्याकडचे विझलेले असतात. अभियंते याला डायव्हर्सिटी म्हणतात. प्रथम ते वीजकेंद्रासाठी मोजले गेले, मग गल्लीतल्या केबलसाठी, आणि अखेर एकाच घरातल्या एकाच चुलीच्या चार शेगड्यांसाठी. सर्किट ब्रेकरवरच्या ३२ या आकड्याची आई ही कल्पना आहे.

कल्पनेला चूल मिळायला मात्र वेळ लागला. सुरुवातीच्या विद्युत शेगड्यांत तापणाऱ्या तारा लवकर जळत. अल्बर्ट मार्श या अमेरिकी धातुतज्ज्ञाने निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट १९०६ मध्ये मिळवले, तेव्हा लाल होऊनही वर्षानुवर्षे टिकणारी तार हाती आली. तरीही इंग्लंडच्या स्वयंपाकघरात गॅस घट्ट पाय रोवून होता आणि विजेची चूल महाग होती. ही कोंडी दोन बाजूंनी फोडली गेली. १९२६ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रिडची पायाभरणी झाली आणि वीज स्वस्त होऊ लागली. नगरपालिकांच्या वीज खात्यांनी चुली विकण्याऐवजी भाड्याने द्यायला सुरुवात केली. दुसरीकडे १९२४ मध्ये इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन ही संस्था निघाली आणि कॅरोलाइन हॅस्लेट तिच्या संचालक झाल्या. वीज बायकांच्या कामाचे ओझे हलके करील, पण त्यासाठी घराचे वायरिंग कसे असावे हे ठरवताना बायकांचे मत घेतले पाहिजे, असा या संस्थेचा आग्रह होता. तिच्या ब्रिस्टल शाखेने १९३५ मध्ये स्वयंपाकापासून गरम पाण्यापर्यंत सगळे विजेवर चालणारे घर बांधून लोकांना दाखवले. या संस्थेचे काम मला फार मोलाचे वाटते. घरातली वीज हा केवळ पुरुष अभियंत्यांचा विषय होता तेव्हा, ती वापरते कोण आणि कशी, हा प्रश्न या बायकांनी टेबलावर ठेवला.

या काळात इंग्लंडच्या घरात विजेचे दोन संसार वेगळे नांदत होते. दिव्यांच्या तारा बारीक, प्लगांचे सॉकेट २ किंवा ५ अँपिअरचे. शेगडी, हीटर यांच्यासाठी जाड तार आणि १५ अँपिअरचे सॉकेट. १९३४ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड ५४६ या मानकाने गोल पिनांच्या प्लगांची ही कुटुंबे पक्की केली. आपल्या भिंतींवर आजही जे पाच अँपिअरचे छोटे आणि पंधरा अँपिअरचे मोठे तीन गोल पिनांचे सॉकेट दिसते, ते याच मानकाचे वंशज. 'लाइट पॉइंट' आणि 'पॉवर पॉइंट' हे आपल्या वायरमनचे शब्द त्याच विभागणीतून आले. पूर्ण चूल मात्र १५ अँपिअरमध्ये बसणारी नव्हती, म्हणून तिला थेट मेन बोर्डापासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र ३० अँपिअरचा फ्यूज मिळाला. दुसऱ्या महायुद्धात घरे पडली, तांबे दुर्मीळ झाले, आणि १९४२ मध्ये युद्धानंतरच्या वायरिंगचा विचार करायला समिती बसली. वीस सदस्यांत कॅरोलाइन हॅस्लेट या एकट्याच बाई होत्या. १९४४ च्या अहवालातून फ्यूज पोटात असलेला १३ अँपिअरचा प्लग आणि घरभर फिरणारे ३० अँपिअरचे रिंग सर्किट पुढे आले. १९४७ मध्ये प्लगचे मानक निघाले. घरभर सॉकेट भरपूर असावेत आणि तरीही तांबे कमी लागावे, या दोन्ही मागण्या एकत्र कशा बसल्या? सगळी सॉकेट एकदम पूर्ण भारावर चालणार नाहीत, या गृहीतामुळे. डायव्हर्सिटीची कल्पना आता वीजकेंद्रातून निघून माणसाच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली होती.

चुलीसाठी तिचे सूत्र असे आहे, आणि इंग्लंडच्या वायरिंग मार्गदर्शिकेत ते अजून छापले जाते. चुलीच्या एकूण प्रवाहातले पहिले १० अँपिअर पूर्ण धरा. उरलेल्याचे ३० टक्के घ्या. चुलीच्या स्विचला जोडून किटलीसाठी सॉकेट असेल तर आणखी ५ मिळवा. आपल्या ११ किलोवॅटच्या चुलीचे ४८ अँपिअर होतात. दहा बाजूला काढले, राहिले ३८. त्याचे तीस टक्के साडेअकराच्या आत. बेरीज साधारण २१, सॉकेट धरले तर २६. म्हणून ३० चा फ्यूज, आणि आज ३२ चा ब्रेकर. या सूत्रात पदार्थविज्ञान थोडे आहे आणि मानववंशशास्त्र पुष्कळ. ओव्हनच्या थर्मोस्टॅटचे ज्ञान त्यात आहे: भट्टी तापेपर्यंत पूर्ण प्रवाह, मग ती चालू-बंद होत राहते. पण त्याहून जास्त त्यात इंग्रजी जेवणाचे वेळापत्रक आहे. मांसाचा मोठा तुकडा ओव्हनमध्ये दीड-दोन तास भाजत राहतो, वर बटाटे एकदा उकळी आली की मंद आचेवर ठेवले जातात, भाज्या शेवटच्या पंधरा मिनिटांत चढतात. चारही शेगड्या कमाल आचेवर आणि ओव्हन व ग्रिलही पेटलेले, असा प्रसंग इंग्रजी घरात क्वचित येतो, आणि आला तरी मिनिटांपुरता. उरलेल्या भाराचे तीसच टक्के धरणे हे अशा जेवणाच्या पद्धतीशीच सुसंगत आहे. अमेरिकेची संहिता वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचते. तिथे १२ किलोवॅटपर्यंतच्या एका घरगुती चुलीची मागणी ८ किलोवॅट धरतात. २४० व्होल्टवर ते ३३ अँपिअर होतात, म्हणून ४० चा ब्रेकर. चूल तीच असली तरी दोन समाजांनी आपापल्या स्वयंपाकाचा अंदाज वेगळा मांडला.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो गंभीर आहे. कंपनी स्वतः ४८ अँपिअर म्हणत असताना लोकांच्या सवयीवर भरवसा ठेवून ३२ चा ब्रेकर लावणे म्हणजे सुरक्षिततेशी तडजोड नाही का? नाताळच्या दिवशी बारा पाहुण्यांचे जेवण असेल तर काय? याचे उत्तर ब्रेकरच्या घडणीत आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एमसीबीने आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर पडल्याशिवाय वाहिला पाहिजे, आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडले पाहिजे. म्हणजे ३२ चा ब्रेकर ३६ अँपिअर निवांत सोसतो, आणि ४६ च्या पुढे गेला तर तासाच्या आत नक्की तोडतो. नाताळचा पंधरा-वीस मिनिटांचा कडेलोट त्यात मावतो. जाड केबल तापायलाही वेळ घेते, तिच्या आणि ब्रेकरमधल्या तापून वाकणाऱ्या पट्टीच्या तापण्याची चाल मुद्दाम एकमेकींना जुळती ठेवलेली आहे. पण मुख्य उत्तर याहून साधे आहे. ३२ च्या ब्रेकरमागे ३२ किंवा जास्त अँपिअर सोसणारी तार असेल, इंग्लंडात बहुधा ६ चौरस मिलिमीटर तांब्याची असते, तर सवयीचा अंदाज चुकला तरी आग लागत नाही. ब्रेकर पडतो, जेवायला अर्धा तास उशीर होतो. डायव्हर्सिटीचे सूत्र चुकले तर किंमत गैरसोयीत चुकवावी लागते. तार आणि ब्रेकर यांची जोडी चुकली तर घर पेटते. या दोन चुका एका तागडीत घालणे हाच या विषयातला सर्वांत महागात पडणारा गोंधळ आहे.

फ्यूजच्या काळात हा गोंधळ घरोघर घडत होता. चिनी मातीच्या तुकड्यात, ज्याला आपल्याकडे किटकॅट म्हणतात, बारीक तार ओवायची आणि ती उडाली की दुसरी ओवायची. इंग्लंडमध्ये ५, १५ आणि ३० अँपिअरच्या तारा पुठ्ठ्याच्या कार्डावर गुंडाळून मिळत. आपल्याकडे मिळेल ती तांब्याची तार चाले, कधी दोन पदरी, कधी वायरीतून सोललेली. फ्यूज वारंवार उडतो म्हणजे तार बारीक आहे, हा निष्कर्ष माणसाला स्वाभाविक वाटतो. त्यात आणखी भर अशी की ओवायचा फ्यूज अचूक लावला तरी आपल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणून इंग्लंडच्या नियमांनी अशा फ्यूजमागे तार जास्त जाड घ्यायला लावली: फ्यूजचा आकडा तारेच्या क्षमतेच्या ०.७२५ पटीपेक्षा जास्त नको. तीसच्या फ्यूजमागे ४१ अँपिअरहून अधिक सोसणारी तार. जुन्या घरांत दणकट वायर आढळते, त्यामागे हे एक कारण आहे. तशी खबरदारी न घेता जिथे बारीक तारेपुढे जाड फ्यूज ओवला गेला, तिथे तार भिंतीत वर्षानुवर्षे भाजत राहिली आणि तिचे रबर किंवा पीव्हीसी ठिसूळ होत गेले.

म्हणून जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्युगो स्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये पेटंट घेतलेल्या छोट्या स्वयंचलित ब्रेकरला मी घरातल्या विजेच्या इतिहासात फार वरचे स्थान देतो. अभियंता हाइन्रिख शाख्टनर यांनी त्यात दोन यंत्रणा एकत्र केल्या. तापून वाकणारी दुहेरी धातूची पट्टी सावकाश वाढणाऱ्या भाराला तोडते, आणि विद्युतचुंबक शॉर्ट सर्किटला क्षणात तोडते. जुन्या स्क्रूच्या फ्यूजच्या जागी तो तसाच फिरवून बसवता येई. त्याची महती साधारणपणे सोयीत सांगतात, खटका वर केला की वीज परत आली. मला त्याचे खरे मोल यात दिसते की त्याने फ्यूजची जाडी ठरवण्याचा अधिकार अंधारात मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या त्रासलेल्या माणसाकडून काढून घेतला. आकडा कारखान्यात बंद झाला. जर्मनीत हे विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात आले. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे ओवायचा फ्यूज आणखी कित्येक दशके टिकला, आणि गावाकडच्या मीटरपेटीत तो आजही भेटतो.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे, आणि तो रोज ऐकू येतो: एमसीबी सारखा पडतोय, मोठा टाका. सोळाच्या जागी बत्तीसचा. आकडा कारखान्यात बंद झाला तरी दुकानातून दुसरा आकडा विकत आणता येतो, आणि जुन्या फ्यूजची चूक नव्या रूपात परत येते. वायर दीड एमएमची किंवा अडीच एमएमची, आणि तिच्यापुढे ३२ चा ब्रेकर. आता ही वायर ३० अँपिअर वाहत राहील आणि ब्रेकर हूं की चूं करणार नाही. ब्रेकर पडतो तेव्हा तो सांगत असतो की या तारेवर जास्त ओझे आहे, किंवा कुठे दोष आहे. ओझे खरेच वाढवायचे असेल तर आधी वायर बदलली पाहिजे, मग ब्रेकर, मग गरज पडली तर वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेतला पाहिजे. हा क्रम उलटा करता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये निघाली, खोपोलीहून टाटांची जलविद्युत १९१५ मध्ये शहरात पोचली. वीज लवकर आली, पण विजेची चूल आपल्या घरांत रुजली नाही. कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टो, मग १९५५ मध्ये बर्मा-शेलने मुंबईत आणलेला सिलिंडर, या वाटेने मराठी स्वयंपाकघर पुढे गेले. विजेवर रांधणे हे वसतिगृहातल्या कॉइलच्या शेगडीपुरते आणि चहाच्या घोटापुरते उरले. म्हणून आपल्या वायरिंगच्या नियमांत इंग्लंडसारखे चुलीचे स्वतंत्र सर्किट कधी खोल रुजले नाही. आपल्या आयएस ७३२ या संहितेने दिवे-पंख्यांच्या सर्किटला दहा पॉइंट आणि ८०० वॅट, तर पॉवर सर्किटला दोन सॉकेट आणि ३००० वॅट अशी मर्यादा रूढ केली. हा गिझर, इस्त्री आणि पाण्याच्या हीटरचा संसार आहे, चार जणांच्या दोन वेळच्या जेवणाचा नाही. आणि इंडक्शनची एक थाळी २००० वॅट घेते. ओट्यावर अशा दोन ठेवल्या, दोन्ही एकाच पॉवर सर्किटवर जोडल्या, तर ४००० वॅट, म्हणजे साडेसतरा अँपिअर होतात. १६ चा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत तासभर पडणार नाही, म्हणजे हे चालून जाईल, आणि चालून जाते म्हणून सगळे ठीक आहे असे वाटेल. त्याच वेळी शेजारच्या सॉकेटवर मिक्सर लागला की ब्रेकर पडेल, आणि मोठा टाका असे कुणीतरी म्हणेल.

तिसरा आक्षेप इथे येतो: मग इंग्लंडचे तयार सूत्र का घेऊ नये? दहा अँपिअर पूर्ण, बाकीचे तीस टक्के. मला हे चुकीचे वाटते, आणि कारण वर सांगितलेलेच आहे. ते सूत्र ओव्हनचे आणि मंद आचेच्या जेवणाचे आहे. मराठी स्वयंपाकाचा भार असा पसरत नाही. सकाळी डबे भरायचे असतात. एका तासात कुकरच्या शिट्ट्या होतात, दुसऱ्या आचेवर भाजी परतली जाते, तिसरीवर पोळ्यांचा तवा सलग पाऊण तास कडक तापलेला असतो, आणि मध्येच चहा होतो. भाकरीला तर मोठीच आच हवी. ओव्हन नाही, म्हणून थर्मोस्टॅटने मिळणारी विश्रांती नाही. आचेचे काम एकाच तासात गोळा झालेले असते. शिवाय इंडक्शनचा स्वभाव कॉइलपेक्षा वेगळा आहे. चार आचांच्या मोठ्या इंडक्शन हॉबमध्ये आतले इलेक्ट्रॉनिक्स एकूण प्रवाह स्वतःच आवरते, एका आचेला जास्त दिले तर दुसरीचा कमी करते, आणि पुष्कळ हॉबवर कमाल भार बसवतानाच ठरवता येतो. म्हणजे जुने सूत्र जो अंदाज माणसाच्या सवयीवरून बांधत होते, तो आता यंत्र स्वतः अमलात आणते. अशा हॉबला तिच्या ठरवलेल्या कमाल आकड्याइतकाच ब्रेकर आणि त्याला पुरेशी वायर हे सरळ उत्तर आहे. सुट्या थाळ्यांना मात्र आवरणारे कुणी नाही, म्हणून प्रत्येक थाळीला डीबीपासून वेगळे सर्किट, तांब्याची अडीच किंवा चार एमएमची वायर आणि १६ चा एमसीबी, हे मला रास्त वाटते.

आणखी एका बाबतीत इंग्लंडचा आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही, आणि ती बाब जीवघेणी आहे. एमसीबीचे प्रकार त्याच्या चुंबकीय तोडीवरून ठरतात. बी प्रकार आकड्याच्या तीन ते पाच पटीला क्षणात तोडतो, सी प्रकार पाच ते दहा पटीला. शेगडी हा शांत भार आहे, मोटरीसारखा सुरू होताना उसळी घेत नाही, म्हणून तिला बी पुरतो. आपल्या दुकानांत मात्र घरगुती वापरालाही सीच सर्रास दिला जातो. इंग्लंडमध्ये पुष्कळ ठिकाणी पुरवठ्याच्या केबलीबरोबरच पक्का अर्थ (जमिनीशी जोडणी) येतो, त्यामुळे चुलीच्या धातूच्या अंगाला फेज लागली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि ब्रेकर लगेच पडतो. आपल्या कित्येक घरांत अर्थ म्हणजे अंगणात गाडलेली पट्टी किंवा नळी, आणि उन्हाळ्यात कोरड्या मुरमात तिचा रोध वाढतो. तो ५ ओहम धरला तरी २३० व्होल्टवर ४६ अँपिअरच वाहतील. ३२ चा सी एमसीबी त्याला क्षणात तोडणार नाही, कदाचित तोडणारच नाही, आणि तोवर भांड्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून प्रवाह जाईल. इथे ब्रेकरचा आकडा कितीही अचूक निवडला तरी उपयोग नाही. त्याच्याबरोबर ३० मिलिअँपिअर गळतीला तोडणारा आरसीसीबी लागतो. यावर इंग्लंडमधल्या जुन्या वायरमनांचा एक आक्षेप होता, आणि तो निराधार नव्हता. चुलीच्या कॉइलभोवतीची खनिज भुकटी ओल शोषते, बरेच दिवस बंद राहिलेली चूल सुरू केली की थोडी गळती होते आणि आरसीसीबी विनाकारण पडतो. म्हणून तिथे चूल बराच काळ या उपकरणापासून दूर ठेवली गेली. इंडक्शनच्या थाळीत भाजणारी खनिज कॉइल नसते, त्यामुळे ते कारण तिथे उरत नाही. पावसाळ्यात ओलसर भिंती, ओट्यावर सांडणारे पाणी आणि अनवाणी पाय असलेल्या कोकणातल्या किंवा मुंबईतल्या स्वयंपाकघरात आरसीसीबी वगळायला कोणतेही कारण पुरेसे नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'गो इलेक्ट्रिक' मोहीम काढून विजेवर स्वयंपाकाचा प्रचार केला. क्रॉम्प्टन यांनी पाहिलेला प्रश्न त्यात नव्या रूपात आहे, कारण आता दुपारी भरपूर मिळते ती सौरवीज, आणि ती खपवायला दिवसाचा भार हवा आहे. पण आपला स्वयंपाक बऱ्याच अंशी सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ असा होतो. इमारतीतल्या साठ घरांच्या ओट्यांवर त्याच वेळी दोन-दोन थाळ्या तापल्या, तर तळमजल्यावरच्या मुख्य केबलची आणि रोहित्राची डायव्हर्सिटी किती धरायची, याचा आकडा इंग्लंडच्या किंवा अमेरिकेच्या पुस्तकातून मिळणार नाही. तो आपल्या सोसायट्यांतल्या मीटरांवर, पोळ्यांच्या वेळेला, प्रत्यक्ष मोजूनच काढावा लागेल. राइट यांनी ब्रायटनमध्ये घरोघर उपकरण लावून तेच केले होते. आता स्मार्ट मीटर ठरावीक अंतराने नोंद ठेवू शकतात, तेव्हा हे काम तेव्हापेक्षा पुष्कळ सोपे आहे. नव्या इमारतींच्या भिंतींत वायर ओढून त्यांवर गिलावा चढण्यापूर्वी ते झाले पाहिजे, कारण गिलाव्यामागे गेलेली अडीच एमएमची वायर पुढची तीस वर्षे तिथेच राहते.